‘सध्या तयारी करतो आहे’ : पदवीनंतरच्या वर्षांचा हिशेब

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात लोक थोडा वेळ थांबतात, एकमेकांची विचारपूस करतात. घरातील मुले मोठी झाली की या विचारपुशीत एक प्रश्न हमखास येतो : “मुलगा सध्या काय करतो?” आपल्या आधीच्या पिढीत या प्रश्नाची साधारणतः दोनच उत्तरे होती. ‘नोकरीला लागला’ हे एक आणि ‘पुढे शिकतो आहे’ हे दुसरे. गेल्या काही वर्षांत तिसरे उत्तर रूढ झाले आहे : “पदवी झाली. सध्या तयारी करतो आहे.” हे सांगताना आईवडिलांच्या आवाजात थोडा अभिमान असतो आणि विचारणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारू नये अशी इच्छाही असते. तो पुढचा प्रश्न म्हणजे, “किती वर्षे झाली?”

ही ‘तयारी’ म्हणजे सरकारी सेवेच्या स्पर्धा परीक्षांची तयारी होय. विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण नोकरी करत नाही, वर्गातही जात नाही आणि तरीही सकाळपासून रात्रीपर्यंत पुस्तकात डोके घालून बसलेला असतो, ही अवस्था पालकांच्या पिढीला अपरिचित आहे. त्यामुळे काही घरांत मुलाला आळशी ठरवले जाते, तर काही घरांत तो उद्याच कलेक्टर होणार अशा समजुतीने सर्व प्रश्न बाजूला ठेवले जातात. दोन्ही गोष्टी अज्ञानातून घडतात. म्हणून ही तयारी कशी चालते, तीत यशाचे प्रमाण किती, एवढे तरुण तिच्याकडे का वळतात आणि घरच्यांनी काय करावे, याचा विचार या लेखात करू या.

परीक्षेचे चक्र

केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा तीन टप्प्यांत होते. पूर्वपरीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते आणि तिचे गुण अंतिम निकालात धरले जात नाहीत. ती केवळ चाळणी आहे. मुख्य परीक्षा लेखी उत्तरांची व १७५० गुणांची, तर मुलाखत २७५ गुणांची असते. अंतिम गुणवत्ता यादी या २०२५ गुणांवर लागते. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा या परीक्षेला बसता येते. इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ३५ वर्षे व नऊ संधी अशी आहे, तर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ३७ वर्षांपर्यंत संधींची मर्यादा नाही.

एका फेरीला वर्षाच्या आसपास काळ लागतो. २०२४ च्या परीक्षेचे उदाहरण पाहा. तिची पूर्वपरीक्षा १६ जून २०२४ रोजी झाली आणि अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ रोजी लागला. पुढच्या फेरीची पूर्वपरीक्षा होती २५ मे २०२५ रोजी. म्हणजे मुलाखतीपर्यंत पोहोचून अपयशी ठरलेल्या उमेदवारास पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्यासाठी जेमतेम एक महिना मिळाला. आपले पुढे काय करायचे याचा शांतपणे विचार करण्यास हे चक्र उसंत देत नाही. ‘आता इतके जवळ आलो आहोत, तर आणखी एकदा’ हा विचार मग आपोआपच प्रबळ ठरतो.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षाही याच तीन टप्प्यांची आहे. तिच्यातून उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार अशा पदांवर नेमणुका होतात. येथे वयोमर्यादा अधिक सैल आहे : खुल्या प्रवर्गासाठी सर्वसाधारणपणे ३८ वर्षे व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे. ग्रामीण भागातील उमेदवारांना उशिरा संधी मिळते, हे लक्षात घेता ही सवलत न्याय्य आहे. मात्र तिची दुसरी बाजू अशी की, कोणी तरी बाहेरून ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेला असतो.

याशिवाय तलाठी, पोलीस शिपाई, बँका, रेल्वे, कर्मचारी निवड आयोग अशा अनेक भरत्या असतात. बहुतेक मुले एकाच वेळी यांतील तीन-चार परीक्षांचे अर्ज भरतात. मोठ्या पदाची इच्छा धरून सुरू झालेली तयारी हळूहळू ‘कोणतेही पद मिळू दे’ इथपर्यंत येते.

पेठांमधला दिवस

या जगाचे केंद्र पाहायचे असेल तर पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत किंवा नवी पेठेत जावे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र अशा सर्व भागांतून मुले-मुली येथे येतात. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत एका खोलीत चार-पाच जण राहतात. भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. त्याला तेथे ‘कॉट बेसिस’ म्हणतात. दोन वेळचे जेवण मेसमध्ये घेतले जाते. आणि दिवसाचे दहा-बारा तास जातात ते अभ्यासिकेत.

अभ्यासिका म्हणजे महिन्याच्या शुल्कावर मिळणारी एक खुर्ची, लाकडी आडोसा असलेले मेज, दिवा आणि शांतता. आडोशावर वेळापत्रक, भारताचा नकाशा आणि एखाद्या यशस्वी अधिकाऱ्याचे छायाचित्र चिकटवलेले असते. सायंकाळी चहाच्या टपरीवर चर्चा होतात : जाहिरात कधी येणार, जागा किती निघणार, निकाल न्यायालयात अडकणार का. बाहेरच्या माणसाला ही मुले टपरीवर वेळ घालवताना दिसतात. परंतु दिवसभरात दुसऱ्या माणसाशी बोलण्याची तीच काय ती वेळ असते.

सर्वांनाच घरून पैसे येतात असे नाही. काही जण क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासतात, काही अभ्यासिकेचीच देखभाल करतात, काही संध्याकाळी दुचाकीवरून घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या शासकीय संस्थांच्या प्रशिक्षण योजनांतून निवडक उमेदवारांना विद्यावेतन मिळते. मुंबईत राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था केंद्रीय परीक्षांसाठी प्रशिक्षण देते. पण अशा जागा मोजक्याच आहेत. बहुसंख्यांचा खर्च शेतीच्या उत्पन्नातून, वडिलांच्या पगारातून किंवा मोठ्या भावाच्या कमाईतून चालतो.

आकडे काय सांगतात?

२०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी देशभरातून ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ उमेदवार बसले. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७. मुलाखतीला पोहोचले २,८४५. अंतिम शिफारस झाली १,००९ जणांची. याचा अर्थ असा की, परीक्षेला बसलेल्या दर हजारांमागे दोघांचीही निवड झाली नाही. आणि शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची संख्या १,८३६ होती. यांना अभ्यास जमला नाही असे कोण म्हणेल? ते देशातील उत्तम विद्यार्थी होते. जागाच तेवढ्या होत्या.

खालच्या पदांसाठीही चित्र वेगळे नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये, तर राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज होते.

यशस्वी उमेदवाराची मिरवणूक निघते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, क्लासच्या फलकावर नाव झळकते. त्याच गावातील उरलेल्यांविषयी कोणी काही लिहीत नाही. त्यामुळे आपल्या नजरेला यशाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठे वाटते. पालकांनी हा भ्रम आधी दूर केला पाहिजे.

मग इतके तरुण याच वाटेने का जातात?

याचे पहिले कारण म्हणजे पदवीधराला मिळणाऱ्या अन्य कामांची अवस्था. इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या रोजगार अहवालानुसार, २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. हे आकडे प्रथम विपरीत वाटतात. परंतु त्यांचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्याच्या घरी आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला थांबणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. पदवीधराच्या मागे थोडाफार आधार असतो आणि पुढे अपेक्षा असते, म्हणून तो थांबतो. शिवाय, ‘बेरोजगार’ म्हणून मोजला जातो तो काम शोधणारा किंवा कामासाठी उपलब्ध असलेला माणूस. ‘सध्या काम नको, अभ्यास चालू आहे’ असे सांगणारा त्या गणनेत येत नाही. म्हणजे थांबलेल्यांची खरी संख्या या टक्केवारीत पूर्णपणे उतरलेली नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. खाजगी क्षेत्रातील सुरुवातीची नोकरी बहुधा कंत्राटी, अल्प वेतनाची आणि केव्हाही जाऊ शकणारी असते. सरकारी सेवेत निश्चित वेतन, रजा, वैद्यकीय मदत आणि समाजात मान मिळतो. शेतीची अनिश्चितता पाहिलेल्या घराला या निश्चिततेचे मोल अधिक वाटते. विवाहाच्या बोलणीत तर ‘सरकारी नोकरी’ या दोन शब्दांपुढे बाकी सारे गुण मागे पडतात.

तिसरे कारण मुलींच्या संदर्भात आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. अनेक मुलींसाठी ‘तयारी’ हा घराबाहेर राहण्याचा आणि लग्न दोन-तीन वर्षे पुढे ढकलण्याचा समाजमान्य असा एकमेव मार्ग असतो. मुलाला घरचे सहा वर्षे देतात, मुलीला मात्र बहुधा दोन. ‘या वेळी झाले नाही तर स्थळ पाहू’ हे वाक्य उशाशी घेऊन ती अभ्यास करते. एकाच घरात दोघांना दोन वेगळ्या मापांनी मोजणे योग्य आहे का, याचा आपण प्रामाणिकपणे विचार करावा.

आणखी एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. जागा कमी झाल्या की मुले आपोआप अन्य कामाकडे वळतील, असे आपल्याला वाटते. तामिळनाडूचा अनुभव वेगळा आहे. तेथे २००१ ते २००६ या काळात बहुतेक सरकारी भरती थांबवण्यात आली होती. त्या काळात पदवी घेतलेल्या तरुणांचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा दिसून आले की त्यांनी परीक्षेचा नाद सोडला नव्हता, उलट अधिक काळ बेकार राहून ते तयारी करीत राहिले आणि पुढे त्यांची कमाईही मागे पडली. आशा ही जागांच्या संख्येवर अवलंबून नसते. म्हणूनच तिला मर्यादा घालण्याचे काम माणसाला स्वतःच करावे लागते.

विलंबाचे ओझे

उमेदवाराच्या हाती नसलेल्या गोष्टीही पुष्कळ आहेत. ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनाच्या साथीमुळे व अन्य कारणांनी वारंवार पुढे ढकलली गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर ती परीक्षा २१ मार्च २०२१ रोजी झाली. २०२४ साली २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा बँक परीक्षेच्या दिवशीच आल्यामुळे पुन्हा आंदोलन झाले आणि ती १ डिसेंबर २०२४ रोजी घेण्यात आली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला, तेव्हा बहुपर्यायी पद्धतीने वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्यांनी मुदत मागितली. २०२३ च्या प्रारंभी झालेल्या आंदोलनानंतर हा बदल २०२५ पासून लागू करण्याचे ठरले.

सरकारी कागदावर हा आठ-दहा महिन्यांचा विलंब असतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलासाठी ते आठ-दहा महिन्यांचे भाडे, मेसचे बिल आणि घरी करावयाचे अवघड फोन असतात. म्हणून तारखा पाळल्या जाव्यात ही मुलांची मागणी अवास्तव नाही.

या वर्षांतून हाती काय उरते?

ही वर्षे वाया जातात असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यघटना, इतिहास, अर्थव्यवस्था, भूगोल यांचे जे ज्ञान या मुलांना होते, ते अनेक पदव्यांतून होत नाही. शिस्त येते, वाचनाची सवय लागते, लिहिण्याचा सराव होतो. उद्याच्या ग्रामसभेत, शाळेत, पतपेढीत, आपल्या धर्मग्रामाच्या संस्थांत अशा जाणत्या तरुणांची गरज आहे.

परंतु या ज्ञानाचा दाखला मिळत नाही, ही खरी अडचण आहे. पाच वर्षे अभ्यास करून मुलाखतीपर्यंत गेलेल्या उमेदवाराकडे खाजगी नोकरीच्या अर्जात लिहिण्यास काही नसते. तेथे फक्त पाच वर्षांची मोकळी जागा दिसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने याची दखल घेतली आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही निवड न झालेल्या, पण संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्यांस उपलब्ध करून देण्याची योजना आयोगाने सुरू केली. २०२५ पासून ती ‘प्रतिभा सेतु’ या नावाने ओळखली जाते. उपक्रम स्तुत्य आहे, मात्र त्याचा लाभ शेवटच्या पायरीपर्यंत आलेल्यांनाच होतो. पूर्वपरीक्षेत थांबलेल्या लाखोंसाठी अशी कोणतीही सोय नाही.

घरच्यांनी काय करावे?

बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा शुभवर्तमानातील दाखला आपल्या परिचयाचा आहे. तयारी सुरू करण्यापूर्वी असा हिशेब घरी बसून करावा. यासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, शेवटची तारीख सुरुवातीलाच ठरवावी. कायदा सहा संधी देतो म्हणून सहाही घेतल्या पाहिजेत असे नाही. दोन किंवा तीन पूर्ण प्रयत्न, अमुक वर्षाच्या अमुक महिन्यापर्यंत, असे ठरवून ते लिहून ठेवावे. ही तारीख अपयशाच्या दिवशी ठरवू नये. त्या दिवशी मन हिशेब करण्याच्या अवस्थेत नसते.

दुसरी गोष्ट, पैशाचा स्पष्ट हिशेब मांडावा. भाडे, मेस, अभ्यासिका, क्लास, पुस्तके, अर्जांचे शुल्क आणि प्रवास यांची महिन्याची बेरीज मुलासमोर करावी. घरची ऐपत लपवून कर्ज काढणारे वडील आणि कर्जाचा सुगावा लागून रात्र जागणारा मुलगा, दोघेही एकमेकांवर प्रेमच करीत असतात. परंतु न बोललेल्या प्रेमाचे ओझे दोघांच्याही खांद्यावर पडते.

तिसरी गोष्ट, तयारीच्या काळातच दुसरी वाट थोडी तरी चालून ठेवावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा लाभ २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही मिळतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवारास दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये ठरवण्यात आले. केंद्र शासनाच्या ऑक्टोबर २०२४ मधील पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयोगटातील तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने अनुभव व दरमहा ५,००० रुपये अशी तरतूद करण्यात आली. ही कायम नोकरी नव्हे, हे स्पष्ट समजून घ्यावे. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियमही तपासून पाहावेत. तथापि प्रत्यक्ष कामाचा एक वर्षाचा दाखला ती मोकळी जागा भरून काढतो. अर्धवेळ शिकवणी, हिशेबाचे काम, संगणकाचा एखादा अभ्यासक्रम यांचाही असाच उपयोग होतो. काम करीत अभ्यास करणे म्हणजे ध्येयाशी प्रतारणा नव्हे.

चौथी गोष्ट, थांबण्याचा निर्णय सन्मानाने स्वीकारावा. तीन वर्षांनी घरी परतलेल्या मुलास ‘तुला जमले नाही’ असे म्हणू नये. हजारांत दोघांनाही मिळत नाही असे पद त्याला मिळाले नाही, एवढेच घडले आहे. परतल्यावर पहिले काही महिने अवघड असतात. मित्र पुढे गेलेले असतात, नातेवाईक प्रश्न विचारतात, झोप उडालेली असते. एखादा मुलगा गप्प राहू लागला, जेवण टाळू लागला, जगण्यात रस उरला नाही असे बोलू लागला, तर ते नाटक समजू नये. त्याच्याशी बोलावे, त्याला एकटे सोडू नये आणि विलंब न लावता डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी.

शेवटी एक विनंती आपणा सर्वांना. पुढील रविवारी आवारात असा एखादा तरुण भेटला, तर ‘निकाल कधी?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू या. ‘सध्या काय वाचतो आहेस?’ असे त्याला विचारू या आणि तो जे सांगेल ते उभे राहून ऐकू या. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. निकाल लागेपर्यंत त्याला कोणी ते विचारीत नाही, आणि निकाल विरुद्ध गेला तर त्यानंतरही नाही.